जेवाले कितीक बसतेत?

भूमेश्वरी रहांगडालेला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते माझ्याच प्रशिक्षणात डुलक्या घेताना. वैशाखातली दुपार, सालेकशातलं सभागृह, वर नावापुरते फिरणारे पंखे, आणि मी घसा कोरडा करून महिला बचत गटांच्या आरोग्य निधीचे नियम समजावत होते. मी रागीट आहे हे आधीच सांगून टाकते. कोणी माझ्यासमोर झोपलं की मला ते सहन होत नाही.

"रहांगडालेताई," मी आवाज चढवला, "आत्ता मी काय सांगितलं?"

तिनं डोळे उघडले, पदर सारखा केला आणि शांतपणे म्हणाली, "तुमी सांगलं का पैसे भरले तरी पहिले तीन महिने बिमारीचा खर्च भेटत नाही. रोप लावल्याबरोबर लोंब थोडीच धरते?"

सगळं सभागृह हसलं आणि मुख्य म्हणजे सगळ्यांना समजलं. वीस मिनिटं मी 'प्रतीक्षा कालावधी, प्रतीक्षा कालावधी' करत होते, तेव्हा बायका माना डोलवत होत्या. त्या माना कशासाठी डोलत होत्या ते मला त्या दिवशी कळलं. संध्याकाळी जाताना मी तिला थांबवून म्हटलं, पुढच्या खेपेपासून तुम्ही माझ्या शेजारी बसायचं. ती म्हणाली, "बसन. पन जेवनानंतर नोका बोलवू."

मी मूळची नागपूरची. गोंदियातल्या बचत गटांच्या महासंघाच्या कार्यालयात खुर्चीवर बसून मी नियम लिहायचे आणि फॉर्म तयार करायचे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. प्रत्यक्ष शेळ्यांच्या मागे धावायच्या त्या आमच्या गावोगावच्या आरोग्य सखी, आणि बोडीटोल्याची सखी होती भूमेश्वरी. निधीची कल्पना साधी. गटातल्या बाईनं वर्षातून एकदा घरातल्या प्रत्येक माणसामागे थोडी रक्कम भरायची, आणि ज्यांची नावं कार्डावर आहेत त्यांच्यापैकी कोणी दवाखान्यात दाखल झालं तर खर्चाचा मोठा वाटा निधीनं उचलायचा. कोणाला द्यायचं आणि कोणाला नाही, हे ठरवायला वर कोणी कंपनी किंवा साहेब नव्हता. गावागावांतून निवडलेल्या अकरा बायकांची समिती ठरवायची.

बोडीटोला म्हणजे एक तलाव, चार बाजूंना बांध्या, म्हणजे धानाची बांध घातलेली खाचरं, आणि मध्ये दाटीनं बसलेली कौलारू घरं. त्यांतली चौऱ्याऐंशी घरं गटांत होती. भूमेश्वरी अडतीस वर्षांची, दहावी झालेली, दोन लेकरांची आई. नवरा ओमेश्वर शेती करायचा. "गुनी मानूस आहे, फक्त सांगा लागते," असं ती त्याचं वर्णन त्याच्यासमोरच करायची आणि तोही हसायचा. तिच्या सायकलला घंटी नव्हती. गरजच नव्हती, कारण तिचा आवाज तलावाच्या पलीकडे जायचा. सकाळी गावातून एक चक्कर मारली की कोण आजारी आहे ते तिला कळायचं. अंगणातली पाणी तापवायची चूल कोणाच्या घरी उशिरा पेटली, एवढ्यावरून ती ओळखायची आणि सरळ आत शिरायची.

माझ्या फॉर्मची तिनं पहिल्या आठवड्यातच वाट लावली. फॉर्मवर मी छान छापलं होतं : 'कुटुंबातील सदस्यसंख्या.' बायका विचारायच्या, कुटुंब म्हणजे कोन? वेगळा निघालेला दीर धराचा का नाही? मग तिनं विचारलं, "घरी मानसं कितीक?" तर उत्तर आलं, "दोन, सासरे आन् हे." कारण तिकडे माणसं म्हणजे पुरुष. बायकांना माणसांत धरायची पद्धत कोणाच्याच बोलण्यात नव्हती. मग एका दुपारी भूमेश्वरीला तिसरा प्रश्न सुचला आणि तिनं मला आनंदानं फोन केला.

"म्याडम, जमलं! मी इचारते, जेवाले कितीक बसतेत? पटपट नावं सांगतेत."

मला तो प्रश्न इतका आवडला की विचारू नका. चूल एक, ताटं मोजा, कुटुंब तयार! आम्हां शिकलेल्यांना जनगणनेपासून जे जमलं नाही ते या बाईनं तीन शब्दांत केलं, असं मी बैठकीत म्हटलं, आणि तालुक्यातल्या सगळ्या सखींना हाच प्रश्न विचारायला लावला. उन्हाळ्याभरात कार्डं भरून झाली. कार्डाच्या वर मोठ्या अक्षरांत सभासद बाईचं नाव, आणि खाली ज्यांचा खर्च निधी उचलणार त्यांची नावं. मी ती गठ्ठ्यानं संगणकात चढवली आणि पाठ थोपटून घेतली.

मग धानाची रोवणी झाली, पोळा झाला, दिवाळी गेली, गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या. कापणीच्या ऐन धांदलीत एका सकाळी रामकली बिसेन बांधीतच पडली.

रामकली भूमेश्वरीची शेजारीण. वय पंचेचाळीस. भूमेश्वरी तिला काकी म्हणायची. विळा हातात, पेंडी अर्धवट, आणि बाई चिखलात आडवी. लुगडं रक्तानं भरलेलं. भूमेश्वरीनं गाडी मिळवली, ती आणि रामकलीचा नवरा शिवलाल तिला घेऊन गोंदियाला आले. निधीशी जोडलेल्या एका खाजगी दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गर्भाशयात मोठी गाठ आहे, रक्त धोक्याइतकं कमी झालंय. आज बाटल्या लावू, पण आठ दिवसांच्या आत ऑपरेशन हवं. सरकारी दवाखान्यात चौकशी केली, तर तिथं आधीच रांग होती.

हे असं किती महिने चाललं होतं, असं डॉक्टरांनी विचारल्यावर रामकली म्हणाली, "रोवण्याच्या पहिलेपासून." म्हणजे सहा महिने. या सहा महिन्यांत तिची चूल एकदाही उशिरा पेटली नव्हती. भूमेश्वरीनं मला हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज कधी नव्हे इतका बारीक होता.

मी कार्यालयात संगणक उघडला. रामकली बिसेनचं कार्ड निघालं. वर तिचं नाव ठळक. खाली नावं : शिवलाल, सासू, मोठा मुलगा, धाकटी मुलगी. बस.

"भूमेश्वरी," मी फोनवर म्हटलं, "रामकलीचं नाव नाहीये."

"असं कसं? वरच त आहे."

"वर सभासद म्हणून आहे. खाली नाही. खर्च खालच्यांचा मिळतो."

मग ती म्हणाली, "थांबा," आणि फोन ठेवला.

ती त्याच दिवशी गावी परतली आणि दुपारभर आपल्याकडच्या कार्डांच्या प्रती घेऊन अंगणात बसली. संध्याकाळी तिचा फोन आला. चौऱ्याऐंशी घरांपैकी एकसष्ट घरांत हीच गत होती. सासूनं नावं सांगितली तिथं सून होती, सासू नव्हती. सुनेनं सांगितली तिथं सासू होती, सून नव्हती. घरात वाढायचं काम जिच्याकडे, तिनंच नावं सांगितली होती, आणि जिनं सांगितलं ती त्या यादीत नाही.

"काऊन असं झालं, म्याडम, समजलं का तुमाले?" ती म्हणाली. "मी इचारलं, जेवाले कितीक बसतेत. त्यायनं खरं सांगलं. वाढनारी बसते कोठी? ती त सगळ्यायच्या मांगून चुलीपाशी उरलंसुरलं खाते. तिले कोन जेवाले बसली म्हणन?"

आपणच वाजवलेल्या टाळ्या आपल्याच कानांखाली वाजाव्यात तसं झालं.

"आणि तुमचं कार्ड?" मी विचारलं.

"माह्या कार्डावर ओमेश्वर आहे, पोरं आहेत, सासू आहे," भूमेश्वरी म्हणाली. "मी नाही."

दिव्याखाली अंधार म्हणायचा तर हा. आपलं कार्ड भरताना तिनं आपल्यालाही तोच प्रश्न विचारला असणार.

आता खरा पेच रामकलीचा होता. नाव आज घातलं तर तीन महिने थांबायला हवं, आणि डॉक्टरांनी आठ दिवस दिले होते. त्याहून वाईट म्हणजे ही भानगड रामकलीच्या कानावर गेली होती. रक्ताची दुसरी बाटली चालू असतानाच ती उठून बसली आणि म्हणाली, निधी देत नसेल तर आपण घरी जातो. धान बांधीत पडलं आहे, माझ्यापायी एवढा खर्च कशाला. शिवलाल म्हणत होता थांबू, कुठून तरी करू. पण त्या घरात रामकलीनं एकदा ठरवलं की ते होत असे. निधीनं नाही म्हटलं तर ती बाई ऑपरेशनशिवाय गावी जाणार, आणि मग किती दिवस, ते मी दवाखान्यात गेले तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

मी काय केलं ते प्रामाणिकपणे सांगते. मी भूमेश्वरीला फोन करून म्हटलं, "एक ओळ वाढवायची आहे फक्त. मे महिन्याच्या तारखेनं मी टाकते तिचं नाव. कोणाला कळणार नाही."

"नोका करू," ती म्हणाली.

"अगं, बाई मरेल!"

"म्याडम, चोरून एक नाव टाकान. आन् बाकीच्या साठ जणी? त्यायनं का पाप केलं? मी समितीत सांगते. चूक माही आहे."

मला तिचा संताप आला. माणूस दवाखान्यात आहे आणि ही नाकानं कांदे सोलते आहे, असं मनात आलं. पण समितीची तातडीची बैठक मी लावली. तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा जणी सालेकशाला आल्या. कापणी सोडून आल्या होत्या, त्यामुळे कोणाचीच मनःस्थिती फारशी गोड नव्हती.

समितीच्या अध्यक्ष जमुनाबाई. साठीच्या पुढच्या, केस पांढरे, दरेकशाच्या बाजूच्या एका गावच्या. त्यांनी आयुष्यात कोणाला उगाच सूट दिली नसावी. एकदा सख्ख्या भाच्याचं बिल त्यांनी नामंजूर केलं होतं आणि मग त्याच्याच घरी जाऊन चहा प्याल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"दुःख मलेही आहे," त्या म्हणाल्या. "पन नेम आपनच केला. कार्डावर नाव पाह्यजे. आज हिले देलं त उद्या जो तो येईन म्हनत, माहं नाव रायलं. मंग निधी टिकन का?"

दोघीतिघींनी माना हलवल्या. मला वाटलं, संपलं.

भूमेश्वरी उभी राहिली. एरवी तलावापलीकडे जाणारा तिचा आवाज आज नेहमीपेक्षा हळू होता, पण थरथरत नव्हता.

"माय, नेम बरोबर आहे. इचारनं चुकलं," ती म्हणाली. "मी घरोघरी जाऊन इचारलं, जेवाले कितीक बसतेत. रामकलीकाकीनं चार सांगलं. तिनं लपवलं नाही, इसरली नाही. तिच्या घरी चारच बसतेत. तुमच्या सगळ्यायच्या गावी हाच प्रश्न गेला, कारन म्याडमले माहा प्रश्न लय आवडला. मले काढाचं असन त काढा. पन काकीले म्हनू नोका का तिचं नाव रायलं. आमीच तिले मोजलं नाही."

मी टेबलावरच्या कागदांकडे पाहत बसले. 'म्याडमले आवडला' या शब्दांनी माझे कान तापले होते आणि त्यात तिचं काहीच चुकलं नव्हतं.

जमुनाबाईंनी पिशवीत हात घातला. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं आपलं कार्ड काढलं, डोळ्यांपासून दूर धरलं आणि शेजारणीकडे दिलं. "वाच व."

शेजारणीनं वाचलं. मालक, दोन मुलगे, दोन सुना, तीन नातवंडं.

"आन् मी?"

"तुमी वर आहा."

"खाली?"

"खाली नाही."

मग एकेक जण आपापलं कार्ड काढू लागली. कोणाचं कमरेच्या बटव्यात, कोणाचं मोबाइलच्या कव्हरात. अकरांपैकी आठ जणी आपल्याच निधीच्या बाहेर निघाल्या. एक जण हसायला लागली, आणि मग तिचं हसू अर्ध्यावर थांबलं. या बायका पोळ्यापासून दर महिन्याला बसून दुसऱ्यांचे खर्च मंजूर करत होत्या.

जमुनाबाईंनी आपलं कार्ड परत प्लास्टिकमध्ये गुंडाळलं. मग माझ्याकडे वळल्या. "म्याडम, नेम वाचा बरं. जसा लिवला तसा."

मी वाचला. माझाच होता. 'कार्डावर ज्या व्यक्तीचे नाव असेल त्या व्यक्तीस निधीचा लाभ मिळेल.'

"वर का खाली, असं लिवलं आहे का?"

"नाही, पण त्याचा अर्थ..."

"अर्थ मंग सांगा. रामकलीचं नाव कार्डावर आहे का नाही?"

"आहे," मी म्हटलं.

"मे महिन्यापासून आहे का नाही?"

"आहे."

"मंग झालं. तिच्या एकलीचे पैसे भराचे रायले, ते घ्या आन् पावती फाडा. सगळ्याच बायायचं असंच करा."

मी रागीट आहे तशी भित्रीही आहे. मी म्हटलं, "जमुनाबाई, तालुक्यातल्या इतक्या बायका एकदम आत आल्या तर निधीवर केवढा ताण येईल?"

"येऊ द्या," त्या म्हणाल्या. "ज्यायचा निधी आहे त्याच बाया त्यात नाही, मंग तो वाचवून कोनाची पूजा कराची?" आणि मग भूमेश्वरीकडे बोट दाखवून, "हिले काढाचं नाही. हिनं एकसष्टच्या एकसष्ट घरी पायी जाऊन प्रत्येक बाईले सांगाचं का तू रायली होती. सायकल नोको."

"जाईन," भूमेश्वरी म्हणाली आणि खाली बसली.

ऑपरेशन चौथ्या दिवशी झालं. ते नीट झालं. गाठ नारळाएवढी होती, असं शिवलाल भेटेल त्याला हातानं माप दाखवून सांगत होता. शिवलाल वाईट नवरा मुळीच नाही. दारू नाही, मारहाण नाही, बायकोच्या शब्दाबाहेर नाही. चारही दिवस तो दवाखान्याच्या पायऱ्यांवर झोपला होता. बायको सहा महिने रक्तानं भिजत होती आणि त्याला पत्ता नव्हता, एवढंच. त्यानं कधी विचारलं नव्हतं, आणि तिनं सांगितलं नव्हतं.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि भूमेश्वरी तिला बघायला गेलो. भूमेश्वरीची तोवर सतरा घरं झाली होती. बायका तिच्यावर चिडतील असं तिला वाटलं होतं. पण बहुतेक जणी हसल्या, आणि काही जणी म्हणाल्या, जाऊ दे, मले काय होते? हे ऐकणं शिव्यांपेक्षा जड जातं, असं ती वाटेत म्हणाली. रामकली डोळे मिटून पडली होती. चेहरा अजून पिवळाच होता. शिवलाल उशाशी, पायांतल्या चपला बाहेर काढून, देवळात बसावं तसा बसला होता.

दारातून सिस्टर डोकावली. गोंदियातल्या दवाखान्यांत हिंदीच चालते. तिनं शिवलालला विचारलं, "बाबा, अम्मा ठीक है ना?"

"ठीक है जी," शिवलाल म्हणाला.

सिस्टर मान हलवून पुढे गेली.

"ठीक नाही," पलंगावरून आवाज आला.

आम्ही तिघांनीही पाहिलं. रामकलीनं डोळे उघडले होते. ती छताकडे पाहत होती.

"दुखते," ती म्हणाली. "लय दुखते."

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती, आणि शिवलालनंच नंतर मला सांगितलं की हा शब्द त्यानं तिच्या तोंडून आधी कधी ऐकला नव्हता. दोन बाळंतपणांतही नाही, पायावर बैलगाडीचं चाक गेलं तेव्हाही नाही. मग तो उठला आणि अनवाणीच धावत सुटला. बाहेरच्या लांब पडवीतून त्याचा ओरडण्याचा आवाज येत होता, "ओ सिस्टर! ठीक नही है जी! दुखता है बोलती है!"

भूमेश्वरीनं पलंगाची लोखंडी दांडी दोन्ही हातांनी धरली, तिच्यावर कपाळ टेकलं आणि ती हमसाहमशी रडायला लागली. माझेही डोळे भरून आले होते, ते मी लपवले नाहीत.

रामकलीनं कष्टानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"तू काऊन रडून राहिली व?" ती म्हणाली. "दुखून त मले राहिलं."